तीन शॉर्ट फिल्म झाल्या, तरी कॅमेरा आणि एडिटिंगमध्ये सुधारणा दिसत नाही. नवा कॅमेरा घ्यावा की एडिटिंगचा कोर्स लावावा?

माझ्या मते आत्ता दोन्ही नको. चौथी फिल्मही महिनाभर बाजूला ठेवा. दर वेळी नवी गोष्ट, नवी जागा, नवे कलाकार घेतले की गेल्या वेळेपेक्षा नेमकं काय सुधारलं हे ताडून बघायला काही उरतच नाही. एकच मिनिटभराचा प्रसंग चार वेळा शूट करा आणि चारही वेळा स्वतःच कापा, म्हणजे एडिट करा.

प्रसंग साधा ठेवा: एक माणूस दारातून आत येतो, खुर्चीवर बसतो, पाकीट फोडतो, पत्र वाचतो. संवाद नाही. सहा-सात शॉट पुरेत.

आधी कॅमेऱ्यातलं सगळं ऑटो बंद करा. वीज ५० हर्ट्झची असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड पडतो. तिथे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/५० किंवा १/१०० ला प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण स्पंद बसतात, १/६० ला बसत नाहीत आणि चित्रात पट्टे सरकू लागतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणत्या उजेडाला पांढरा धरायचं ते, आकड्यात ठरवा: उन्हाला ५६०० केल्विन, पिवळ्या बल्बला ३२०० च्या आसपास. ऑटोवर राहिला तर शॉट चालू असतानाच भिंतीचा रंग बदलतो आणि एडिटिंगच्या टेबलावर ते निस्तरताना नाकी नऊ येतात. बाहेर कडक ऊन असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १०० आणि शटर १/५० ला ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफ/२२ वर जातं; आकडा मोठा तितकं भोक लहान. एफ/४ हवं असेल तर पाच स्टॉप उजेड कमी करावा लागतो (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे एनडी ३२ फिल्टर, लेन्ससमोर लावायची गडद काच. शटरचा वेग वाढवून उजेड मारू नका, चालणारा माणूस झटके खात चालल्यासारखा दिसतो.

आता बसण्याचा कट घ्या, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. वाइड शॉटमध्ये (लांबून, खोलीसकट) माणूस खुर्चीपर्यंत येतो आणि कॅमेरा बंद. मिड शॉट (कमरेपासून वर) सुरू होतो तेव्हा तो आधीच बसलेला असतो. मग टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये शॉट ओळीने लावतात त्या पट्टीवर, जोडायला जागाच नसते. दोन्ही शॉटमध्ये पूर्ण क्रिया करून घ्या: चालत येणं, वळणं, बसणं, बसल्यावर आणखी तीन सेकंद. रेकॉर्ड दाबल्यावर पाच सेकंद थांबून मगच ॲक्शन म्हणा. शरीर खाली जायला लागलं आणि साधारण एक तृतीयांश हालचाल झाली की कट मारा. डोळा हालचालीमागे जातो, त्याला कट जाणवत नाही. मग पूर्ण वेगात चालवून बघा. एकेक फ्रेम सरकवत बघितलं तर काहीच कळणार नाही. हालचाल रेंगाळली असं वाटलं तर दुसऱ्या शॉटच्या सुरुवातीच्या दोन फ्रेम काढा, उडी मारली असं वाटलं तर दोन परत द्या. दोन फ्रेम म्हणजे किती मोठा फरक असतो हे हाताला कळणं, एडिटिंगमधली निम्मी वाढ मी यालाच म्हणेन.

तरीही कट खटकला तर शूटिंगकडे बघा. कॅमेऱ्याची जागा ३० अंशांपेक्षा कमी सरकली आणि फ्रेमचा आकारही तोच राहिला, तर जंप, म्हणजे चित्र उडी मारल्यासारखं, दिसणारच. पाकीट वाइडमध्ये उजव्या हातात आणि मिडमध्ये डाव्या हातात असेल तर कोणताही इफेक्ट वाचवत नाही.

आवाजाला विद्यार्थी फार उशिरा हात घालतात. त्या खोलीचा नुसता शांत आवाज ३० सेकंद रेकॉर्ड करा, सगळ्यांना गप्प उभं करून. कटांमधली भगदाडं त्यानेच बुजतात. पाकीट फाडल्याचा आवाज चित्राच्या दहा-बारा फ्रेम आधी आणून बघा, क्लोजअप आपोआप हवाहवासा होतो. फोनवर शूट केलं असेल तर एक सापळा आहे: फोन बरेचदा बदलत्या फ्रेम रेटवर रेकॉर्ड करतो आणि लांब क्लिपमध्ये आवाज हळूहळू पुढे-मागे सरकतो. एडिटिंगच्या आधी हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर फ्रेम रेटवर आणा.

रंगाचं काम सगळ्यात शेवटी. खरं तर या चार फेऱ्यांत नाही केलं तरी चालेल.

प्रत्येक फेरीचा कट झाला की कागदावर एकच यादी करा: टेबलावर काय हवं होतं आणि नव्हतं. "दाराच्या मुठीचा क्लोजअप नाही." "पत्र वाचताना चेहरा फारच थोडा वेळ मिळाला." पुढच्या फेरीची शॉट लिस्ट हीच. तिसऱ्या फेरीत मुद्दाम चारच शॉटमध्ये प्रसंग बसवा. चौथ्या फेरीचं फुटेज काही न सांगता वर्गातल्या दुसऱ्याला कापायला द्या; त्याने वापरलाच नाही तो शॉट का घेतला होता, हे स्वतःला विचारा.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर चौथ्या फेरीनंतरही यादीत "अंधारात दाणे दिसतात" एवढंच उरलं असेल, तर बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) नको, लेन्स बघा. एफ/३.५ च्या जागी एफ/१.८ म्हणजे जवळजवळ दोन स्टॉप जास्त उजेड. आयएसओ ३२०० चं काम ८०० च्या आसपास होतं. पण मग बसताना तो माणूस थोडा पुढे वाकला तरी फोकसबाहेर जाईल, त्यामुळे पाचवी फेरी फक्त फोकस ओढण्यासाठी, म्हणजे माणूस हलेल तसा फोकस हलवत नेण्यासाठी, ठेवा.