रोजची साखर आणि सणाची साखर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. वजन उतरवायचं म्हणून सोमवारपासून साखर पूर्ण बंद, असं ठरवलंयस. चहा बंद, गोडाचं नाव नाही, आणि गणपतीत घरी गेलीस तरी मोदकाला हात लावायचा नाही. तुझा निश्चय पक्का आहे, याबद्दल मला शंका नाही. पण घाव नको तिथे पडतोय असं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सणाच्या साखरेनं कुणाचं वजन फारसं वाढत नाही, रोजच्या साखरेनं वाढतं. मोदक वर्षातून एखाद-दोनदा पानात पडतात, चहा दिवसातून चारदा पोटात जातो.

आधी हिशेब कर, आणि तो वाणसामानाच्या यादीवरून कर. फ्लॅटवर तुम्ही तिघी आहात आणि महिन्याला चार किलो साखर संपते, हे तूच लिहिलंयस. म्हणजे रोजची माणशी साधारण ४४ ग्रॅम. यात ऑफिसातला चहा नाही, बिस्किटं नाहीत, शनिवारची कोल्ड कॉफी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांखाली आणता आली तर उत्तमच. २००० कॅलरींच्या आहारात ती अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. तुझं काम दिवसभर बसून, तेव्हा तुझी गरज २००० पेक्षाही कमीच असेल. म्हणजे दाराबाहेर पाऊल टाकण्याआधीच तू मर्यादेच्या काठावर असतेस. या मोजणीत मध, गूळ, फळांचा रस सगळं येतं. अख्खं फळ आणि दुधातली मूळची साखर येत नाही, त्यामुळे पेरू, संत्रं, पपई यांना घाबरायचं काही कारण नाही.

आता चहा. तो सोडू नकोस. थकून आल्यावर हातात हवा असलेला कप हिरावून घेतला, की चौथ्या दिवशी माणूस सगळंच सोडून देतो, हे मी इतक्या जणींच्या बाबतीत पाहिलंय की आता चहा बंद करा असं मी कुणालाच सांगत नाही. सपाट चमचाभर साखर म्हणजे साधारण ४ ग्रॅम. पण आपल्याकडे चमचा सपाट कोण भरतं? शिगोशीग भरतो, आणि तो सहज ६ ग्रॅमवर जातो. म्हणून साखरेच्या डब्यातला तो मोठा चमचा आधी काढून टाक आणि लहान ठेव. चमचा डब्याच्या कडेला घासून सपाट करायची सवय लाव. पहिले आठ-दहा दिवस प्रत्येक कपात पाव चमचा कमी, मग तिथेच थोडं थांबायचं, मग आणखी पाव. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात, पण होते. आलं ठेचून घाल, गवती चहाची पात घाल, कधी वेलची. सुगंध भरपूर असला की गोडी कमी झालेली तितकी जाणवत नाही.

अमृततुल्यची गोष्ट वेगळी. तिथे साखर पातेल्यातच उकळलेली असते, त्यामुळे कपापुढे उभं राहून ‘कमी साखर’ सांगण्यात अर्थ नाही. बरेच जण आता बिनसाखरेचा वेगळा करून देतात, तो माग. मिळत नसेल तर दिवसातून एकच कटिंग घे आणि बाकीचा चहा आपल्या हातचा पी.

पेयांकडे मात्र कडक नजरेनं बघ. इथे मी सवलत देणार नाही. चावून खाल्लेल्या अन्नानं पोट भरल्याची जाणीव होते, प्यायलेल्या साखरेनं ती फारशी होत नाही, आणि जेवण आहे तेवढंच जातं. कोलाच्या ३०० मिलीच्या कॅनमध्ये ३० ग्रॅमहून जास्त साखर असते, म्हणजे तुझा अख्ख्या दिवसाचा २५ ग्रॅमचा कोटा एका बैठकीत संपला. उसाचा रस ताजा असला, डोळ्यासमोर काढलेला असला, तरी मोठ्या ग्लासात ३० ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त साखर असते. उन्हाळ्यात कोकम हवं असेल तर सिरप आणू नकोस, आगळ आण. सिरप म्हणजे कोकम आणि भरपूर साखर, आगळात असतं मीठ. गार पाण्यात दोन चमचे आगळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, हवी तर किंचित साखर. मीठ वेगळं घालू नकोस. पॅकबंद फळांच्या रसाला तर फळ समजूच नकोस. डब्यांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाका, असं देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानंच २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं.

गुळाचं विचारलंयस. साखरेऐवजी गूळ घातला तर वजनाला काहीही फरक पडत नाही. १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी, तेवढ्याच गुळात ३८० च्या आसपास. गुळाला चव आहे, थोडी खनिजं आहेत, पण लोहासाठी गूळ खायचा म्हटलं तर किती खावा लागेल याचा विचार कर. सकाळच्या मधपाण्याचंही तेच. आणि गोडव्याच्या गोळ्या? वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा पर्यायांवर अवलंबून राहू नका, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये दिला (ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना तो लागू नाही). मला तो पटतो. तुला जिभेची गोडी कमी करायची आहे, आणि गोळ्यांनी ती तशीच राहते.

आमटीतला गुळाचा खडा आणि भाजीतली चिमूटभर साखर मात्र राहू दे. स्वयंपाकाच्या मावशींना त्यावरून बोलू नकोस. चौघांच्या आमटीतला सुपारीएवढा खडा तुझ्या वाटीत येईपर्यंत दोन-तीन ग्रॅमही उरत नाही, आणि त्यावाचून आमटी बेचव लागली तर तू बाहेरून मागवून खाशील.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण पुढे तुझी निराशा व्हायला नको. रोजची २० ग्रॅम साखर कमी केलीस तर ८० कॅलरी वाचतात, महिन्याच्या २४००. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. म्हणजे कागदावर महिन्याला जेमतेम ३०० ग्रॅम, आणि प्रत्यक्षात थोडं कमीच. साखर कमी करणं हा वजन उतरवण्याचा पाया आहे, पण एवढ्यानं काम पूर्ण होत नाही. वाचलेल्या कॅलरींच्या जागी फरसाण आणि खारी आली तर तेवढाही फरक पडणार नाही. ‘शुगर फ्री’ बिस्किटात मैदा आणि तूप-तेल असतंच.

संध्याकाळी पाचला गोड खावंसं वाटतं, असं लिहिलंयस. त्याचं मूळ मला तुझ्या दुपारच्या डब्यात दिसतं. दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी एवढ्यावर चार-पाच तास निघत नाहीत. डब्यात मटकीची किंवा मुगाची उसळ, वाटीभर दही, चालत असतील तर दोन अंडी असू देत. ऑफिसच्या खणात फुटाणे ठेव, बिस्किटाचा पुडा ठेवू नकोस. ग्लुकोजच्या बिस्किटात वजनाच्या जवळजवळ पाव भाग साखरच असते, मागचा तक्ता वाचून बघ. साखर किती ते १०० ग्रॅममागे लिहिलेलं असतं, त्यामुळे दोन वेगवेगळ्या पुड्यांची तुलना तिथल्या तिथे करता येते. रात्री एकपर्यंत मोबाइल बघत जागलीस तर दुसऱ्या दिवशी गोडाची ओढ वाढते, तेव्हा झोपेलाही या कामात धर.

आणि सण. गणपतीत घरी जाशील तेव्हा आईनं केलेले उकडीचे मोदक खा, तूप सोडून खा, सगळ्यांबरोबर पंगतीला बसून खा. होळीची पुरणपोळी, संक्रांतीचा तिळगूळ, यांना नाही म्हणू नकोस. गोड खाऊन अपराधी वाटायला लागलं की माणूस लपून खायला लागतो, आणि ते वाईट. पण ऑफिसात दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतो, तो केक म्हणजे सण नव्हे. तिथे शुभेच्छा मनापासून द्यायच्या आणि तुकडा नम्रपणे नाकारायचा. दिवाळीत आईला सांग, डबा एकच पाठव आणि त्यात सगळं थोडं थोडं भर. तो तिघींनी मिळून चार दिवसांत संपवा. महिनाभर पुरवून रोज एक लाडू खाल्ला, की सणाचाही रोजचा रतीब होतो.

वजन आठवड्यातून एकदाच बघ, ठरलेल्या दिवशी, सकाळी. सुरुवातीला एकदम किलोभर उतरलं तर फार हुरळू नकोस, त्यात बराचसा वाटा पाण्याचा असतो. त्यापेक्षा शिवणाच्या टेपनं पोटाचा घेर मोज. आपल्याकडच्या बायकांसाठी तो ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं मानतात. वजनाच्या काट्यावर फरक दिसत नाही तेव्हाही कधी कधी टेपवर दिसतो.

पाळी पुढे-मागे होते, असं तू पत्रात ओझरतं लिहिलंयस. ते ओझरतं सोडू नकोस. डॉक्टरांकडे जाऊन थायरॉईड आणि रक्तातल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी कधी करायची ते विचार, आणि वजन वाढतंय हेही त्यांना आपणहून सांग. रिपोर्ट आले की मला पाठव, रविवारी फोनवर निवांत बोलू.

तुझी,
मॅडम