नवी बॅटरी टाकली तरी दोन-तीन दिवसांत उतरते, मेकॅनिक आल्टरनेटर बदला म्हणतो. बदलू का?

मोजल्याशिवाय अजिबात बदलू नका. माझ्या गाडीचा धडधाकट आल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) असाच काढला गेलाय म्हणून एवढं ठासून सांगतोय.

सकाळी सेल्फ मारला की नुसतं कट-कट. मेहुणे म्हणाले बॅटरी गेली, बदलली. आठवड्यात परत तेच. मग ते आणि त्यांचा मेकॅनिक दोघांचंही एकच, आल्टरनेटर. मी म्हणत होतो आधी मीटर लावून बघू, तर मेहुणे म्हणाले पंचवीस वर्षं गाड्या वापरतोय, मला कळतं. बदलला. चार दिवस बरे गेले, पाचव्या रात्री हेडलाइट पिवळे.

मग मी कोणाला न विचारता मल्टीमीटर घेऊन बसलो. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर फुल. बॅटरीवर 12.9 व्होल्ट, आल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर 14.3! लाल प्रोब त्या बोल्टला आणि काळा बॅटरीच्या प्लसला लावला तर 1.4 व्होल्ट मधल्या वायरीतच जात होते, 0.2-0.3 च्या वर जायलाच नको तिथे. वायर वरून एकदम चकाचक, पण लगवरचं (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवरचं) रबर मागे सारलं तर आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या आणि निम्म्या तुटलेल्या. नवा आल्टरनेटर त्याच कुजक्या लगला जोडला होता, मग चार्जिंग होणार कुठून?

तुम्ही पण हेच करा, आणि तसंच बॅटरीच्या मायनसपासून आल्टरनेटरच्या बॉडीपर्यंत पण मोजा, अर्थिंगचा लोचा असेल तर तिथे दिसेल. बेल्ट बघितलाच असेल. आणि चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून "टेस्ट" करणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका, व्होल्टेज उसळून ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) उडू शकतो.

हां, एक राहिलं, नवीन गाड्यांत ईसीयू मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, तेव्हा एकदाच 13 दिसलं म्हणून घाबरू नका. आणि तुमची गाडी नुसती उभी राहून उतरत असेल तर प्रकरण वेगळं, बंद गाडीत 50 मिलिअँपिअरच्या वर करंट जातोय का बघा. त्यात आल्टरनेटरचा डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) लीक निघाला तर मात्र तुमचा मेकॅनिक बरोबर.

मेहुणे अजून म्हणतात की जुना आल्टरनेटर जाणारच होता. नव्हता जाणार. मी तो बेंचवर लावून घेतला, लोडवर 14.2 देतोय.