लाल पेटीत पहिला पीस कोण टाकणार?

प्रश्न : उद्यमबागमध्ये आमचं ४५ कामगारांचं मशीन शॉप आहे. ‘प्रामाणिकपणा, गुणवत्ता, संघभावना’ असा बोर्ड लावला, टी-शर्ट वाटले, खंडेनवमीला सगळ्यांना जेवण घातलं. तरी पाचशे रुपये जास्त मिळाले की मुलं समोरच्या शेडमध्ये जातात, आणि खराब पीस भंगारात दडवतात. काय करावं?
– एक कारखानदार, बेळगाव

उत्तर : जेवण चालू ठेवा, बोर्ड तूर्त उतरवा. कारखान्याची खरी मूल्यं ऑपरेटरला कळतात ती पीस बिघडल्यावर. २५ मिलिमीटरचा बोअर (पिसातलं भोक) ०.०४ ने मोठा झाला, त्यानं येऊन सांगितलं आणि चारचौघांत शिव्या खाल्ल्या, की पुढचा पीस भंगाराच्या तळाशी गेलाच म्हणून समजा. इन्सर्ट (कापणारं टोक) झिजलं की जॉखाली (पीस पकडणाऱ्या जबड्याखाली) चिप, म्हणजे धातूचा कीस, अडकली, हे तुम्हाला कळेपर्यंत अख्खा लॉट हातचा जातो.

प्रत्येक मशीनजवळ खराब पिसांसाठी लाल पेटी ठेवा. पिसाला टॅग लावायचा : मशीन, वेळ, मोजलेलं माप आणि ऑपरेटरला वाटणारं कारण. सुपरवायझरनं ‘कुणी केलं?’ न विचारता ‘कितव्या पिसापासून?’ असं विचारायचं. स्वतःहून टाकलेल्या पिसाचे पैसे कापायचे नाहीत. एरवीही दंडाला पगाराच्या ३ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे, आणि कामगाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय नुकसानभरपाई कापता येत नाही. पहिले काही आठवडे रिजेक्शन, म्हणजे बाद पिसांचं प्रमाण, वाढलेलं दिसेल. ते आधीही होतंच, फक्त दिसत नव्हतं. बहुतेक मालक नेमके इथेच कच खातात आणि पेटी शोभेची उरते.

शिफ्ट सुरू झाल्यावर, कामाच्याच वेळेत, आठ मिनिटं उभ्याउभ्या बैठक घ्या : कालची लाल पेटी, आजचा डिस्पॅच, एक तक्रार. तक्रार वहीत, समोर जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख. उत्तर सात दिवसांत. ‘नाही’ असलं तरी कारणासकट. सुरुवातीला पंखा, संडास, पिण्याचं पाणी हेच निघेल. ते आधी मार्गी लावा, नाहीतर कामाविषयी कुणी तोंड उघडणार नाही.

पगार ७ तारखेच्या आत आणि ओव्हरटाइम दुप्पट दरानं मिळत नसेल, तर हे सगळं फुकट.

प्रश्न : कामगार मराठी, कन्नड आणि बिहारकडचे. बैठक कोणत्या भाषेत घ्यावी?

उत्तर : सुपरवायझरनं एका भाषेत बोलावं, बाकीच्या दोन गटांतल्या एकेका कामगारानं ते आपल्या लोकांना पुन्हा सांगावं. काय कळलं नाही ते तिथंच उघडं पडतं. मशीनवरच्या सूचना तिन्ही भाषांत, फोटोसह लावा. तक्रार मात्र ज्याला जी भाषा सुचेल तीत लिहू द्या.