‘पाहिले, पण दिसले नाही’ हे मराठी बरोबर आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: दृक्संवेदन शिकवणाऱ्या मानसशास्त्राच्या एका प्राध्यापकांचे व्याख्यान मराठीत आणताना ‘डॉक्टरांनी गोरिलाकडे पाहिले, पण तो त्यांना दिसला नाही’ असे वाक्य लिहिले. तपासणाऱ्याने ते विसंगत ठरवून ‘पाहिले, पण बघितले नाही’ असे केले. योग्य कोणते? आणि ‘इनअटेन्शनल ब्लाइंडनेस’ला, म्हणजे लक्ष दुसरीकडे गुंतल्यामुळे समोरची वस्तू न दिसण्याला, ‘अनवधान अंधत्व’ म्हणावे का?

मूळ वाक्य जसेच्या तसे ठेवा. ‘पाहणे’ आणि ‘बघणे’ यांत अर्थाचा भेद नाही. बोलणाऱ्याचा प्रदेश आणि लिहिण्याचा बाज यांवर काय वापरायचे ते ठरते. दुरुस्तीमुळे उलट वाक्याचा अर्थच गेला.

‘पाहणे’ आणि ‘दिसणे’ यांत मात्र मोठे अंतर आहे. ‘मी पाहतो’ इथे कर्ता मी. ‘मला दिसते’ इथे कर्तेपण दिसणाऱ्या वस्तूकडे जाते आणि मी चतुर्थीत उरतो. म्हणूनच ‘मुद्दाम पाहिले’ म्हणता येते, ‘मला मुद्दाम दिसले’ म्हणता येत नाही. ऐकणे आणि ऐकू येणे, शोधणे आणि सापडणे या जोड्याही याच जातीच्या. शोधले पण सापडले नाही, यात कोणालाच विसंगती वाटत नाही. मग पाहिले पण दिसले नाही, यात का वाटावी?

प्रयोगशाळेत नेमके हेच आढळले आहे. बोस्टनमधले ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमधल्या गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे गोरिलाचे चित्र घातले होते. २० जणांना ते दिसले नाही. डोळ्यांच्या हालचाली टिपल्या होत्या, त्यावरून कळले की त्यातल्या बहुतेकांची नजर थेट गोरिलावर गेली होती. म्हणजे पाहण्याची क्रिया घडली, दिसणे घडले नाही. हा निष्कर्ष मराठीत इतक्या सरळ मांडता येतो याचा मला फार आनंद वाटतो.

आता संज्ञेकडे. ‘अनवधान अंधत्व’ मला पटत नाही. ‘अनवधानाने’ म्हटले की आपल्याला निष्काळजीपणा ऐकू येतो: अनवधानाने राहिलेली सही, अनवधानाने झालेली चूक. ते डॉक्टर तर जीव ओतून गाठी शोधत होते. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांच्या १९९९ सालच्या प्रसिद्ध प्रयोगातही तेच. पांढऱ्या आणि काळ्या कपड्यांतले दोन संघ आपापसांत बास्केटबॉल फेकतात, प्रेक्षकांनी एका संघाचे पास मोजायचे; मधूनच गोरिलाच्या वेषातली व्यक्ती येऊन जाते आणि सुमारे निम्म्या लोकांना ती दिसत नाही. काळ्या संघाचे पास मोजणाऱ्यांना तो काळा गोरिला जास्त वेळा दिसला, ही त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट. अवधान होतेच, आणि ज्या रंगावर ते जडले होते त्या रंगाचे सापडत होते.

एरियन मॅक आणि अर्विन रॉक यांनी रूढ केलेल्या मूळ इंग्रजी संज्ञेतही ‘अवधानाचा अभाव’ आहे हे खरे, पण तो अभाव फक्त त्या अनपेक्षित वस्तूपुरता. मराठीत तो माणसाचा दोष होऊन बसतो. ‘अंधत्व’ही मी टाळेन, कारण डोळे पूर्ण शाबूत आहेत.

आपल्याकडे याला चांगला आधार आहे. बृहदारण्यक उपनिषदात (१.५.३) ‘अन्यत्रमना अभूवं नादर्शम्’ असे वाक्य आहे: माझे मन दुसरीकडे होते, मी पाहिले नाही. लगेच पुढे म्हटले आहे की माणूस मनानेच पाहतो, मनानेच ऐकतो. ‘अन्यत्र’ हा शब्द तिथे सगळे काम करतो. त्यावरून पारिभाषिक जागी मी ‘अन्यावधानजन्य अदर्शन’ सुचवेन. ‘अन्यमनस्क’ सुचला होता, पण मराठीत त्याला उदास, हरवलेल्या माणसाची छटा आहे, ती इथे नको.

ही संज्ञा जड आहे, मान्य. ती व्याख्येपुरती एकदा द्यावी आणि पुढे खुशाल ‘पाहूनही न दिसणे’ लिहावे. ‘नजरेखालून गेले, पण नजरेतून सुटले’ हेही उत्तम चालेल. ‘चेंज ब्लाइंडनेस’ मात्र यात मिसळू नका. तिथे डोळ्यांसमोरच्या दृश्यातला बदल कळत नाही, म्हणून तिथे ‘बदल लक्षात न येणे’ एवढे पुरे.