वाचकांचे प्रश्न : आधी पॅड, मग अॅम्प्लिफायर

गेल्या अंकात प्लेनर, म्हणजे सपाट पडद्याच्या, हेडफोनचा ओझरता उल्लेख आला आणि त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेकांचा रोख एकच आहे : सेकंडहँड घेतलेला हेडफोन उघडून सुधारावा की त्याच पैशांत अॅम्प्लिफायर घ्यावा? चार पत्रे निवडून त्यांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न (पांढरकवडा, जि. यवतमाळ) : माझ्याकडे फॉस्टेक्स कंपनीचा टी५०आरपी एमके३ हा हेडफोन आहे. खर्जाचे स्वर अगदीच पातळ वाटतात आणि खंजिरी भजन ऐकताना खंजिरीच्या चकत्या कानाला टोचतात. आमच्या गावात जिनिंग आहे. तेथील रुई आत भरल्यास आवाज सुधारेल, असे एक मित्र सांगतो. हे खरे आहे काय? कोणत्या क्रमाने काम करावे?

उत्तर : रुईकडे येतोच, पण तिची पाळी बरीच नंतरची आहे. नेहमीच्या हेडफोनमध्ये शंकूसारखा पडदा असतो आणि त्याच्या मुळाशी कॉइल असते. प्लेनरमध्ये तसे नसून पातळ फिल्मवरच विद्युतवाहक पट्टा वळणावळणाने पसरलेला असतो आणि ती फिल्म चुंबकांच्या दोन रांगांमध्ये ताणून बसवलेली असते. आपल्या हेडफोनमध्ये ही फिल्म पॉलिइमाइडची असून तिच्यावर तांब्याचा पातळ थर कोरलेला आहे. अशा पडद्याकडून खोल खर्ज मिळवायचा असेल तर पडदा आणि कान यांच्यामधली हवा बंदिस्त असावी लागते. पॅडच्या, म्हणजे कानाभोवती टेकणाऱ्या गादीच्या, कडेने ती हवा निसटली की खर्ज जातो, आणि मग पाठीमागे काहीही भरले तरी तो परत येत नाही.

ही तपासणी फुकटात होते. फोनवर टोन जनरेटरचे कोणतेही अॅप घेऊन ४० हर्ट्झचा स्वर हळू आवाजात लावावा आणि दोन्ही तळव्यांनी कप डोक्यावर अलगद दाबावेत. दाबताच स्वर ठळकपणे वाढला, तर दोष पॅडचा आहे. चष्म्याची काडी आणि कानावरचे दाट केस यांनीही असाच फरक पडतो, म्हणून चष्मा काढून पुन्हा एकदा ऐकावे. या हेडफोनची मूळ पॅड पातळ आणि चपटी असतात. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि घामात त्यांचे कृत्रिम चामडे पापुद्रे धरते, आणि सेकंडहँड हेडफोनमध्ये तर ही शंका आधी घ्यावी. शुअर एसआरएच ८४० किंवा ब्रेनवेव्हज एचएम ५ यांची जाड पॅड पुष्कळ जण या हेडफोनला चढवतात. मखमली कापडाची पॅड उन्हात सुखाची वाटतात खरी, पण त्यांच्यातून हवा निसटते. आपली तक्रार खर्जाची आहे, तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नये.

पॅड बदलूनही समाधान झाले नाही तरच स्क्रूड्रायव्हर हाती घ्यावा, आणि तोही टेबलावर स्वच्छ पांढरे कापड अंथरून. हे सोवळे सांगण्याचे कारण आपल्या पायाखालीच आहे. आपली काळी माती बेसाल्टपासून झालेली असल्याने तिच्यात चुंबकाला चिकटणारे बारीक कण असतात. वावरातल्या धुळीतून साधा चुंबक फिरवून पाहावा, त्याला काळी लव धरलेली दिसेल. तीच लव ड्रायव्हरच्या, म्हणजे चुंबक आणि फिल्म यांच्या संचाच्या, जाळीतून आत शिरली तर फिल्मला घासून खरखर करू लागते आणि बहुधा कायमची राहते. वेल्डिंगच्या किंवा लेथच्या दुकानात बसून तर हे काम मुळीच करू नये. पॅड ओढून काढल्यावर दिसणारे स्क्रू सोडवले की ड्रायव्हर बसवलेली चौकट उचलली जाते, पण तिला बारीक तारा डाखलेल्या असतात, म्हणून ती झटक्याने ओढू नये.

आत गेल्यावर पहिले काम वजन वाढवण्याचे. चौकटीच्या मागच्या बाजूस प्लास्टिकच्या लहान लहान खोबणी आहेत. त्यांत मुलांची खेळायची मातकणी, म्हणजे तेलकट प्लॅस्टिसिन, दाबून बसवावी. त्यामुळे प्लास्टिकचे कंपन कमी होते आणि स्वरांतला पोकळ ठणका जातो. मात्र ४५ अंशांच्या मे महिन्यात पत्र्याच्या घरात स्वस्त प्लॅस्टिसिन मऊ होऊन ओघळते. म्हणून थर पातळ ठेवावा आणि ड्रायव्हरच्या जाळीपासून चांगले अंतर सोडावे.

आता रुई. तंतुमय पदार्थ ध्वनी शोषतो, पण त्यासाठी त्याची जाडी त्या स्वराच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असावी लागते. १,००० हर्ट्झला हा हिस्सा सुमारे साडेआठ सेंटिमीटर भरतो आणि ४,००० हर्ट्झला जेमतेम २ सेंटिमीटर. कपाच्या आत एवढी कमी जागा असते की तेथे भरलेली रुई वरच्या मध्यपट्टीतील परावर्तने शोषील, पण खर्ज उचलणार नाही. आपल्याला टोचणाऱ्या चकत्यांवर तिचा थोडाफार उपयोग होईल, आणि तोही ती सैल पिंजून भरली तरच. गादीसारखी ठासून भरलेली रुई आतली हवेची जागा खाते, पडद्यामागची हवा ताठर करते आणि असलेला खर्जही घालवते. जिनिंगमधल्या रुईत पानाचा चुरा आणि सरकीची टरफले राहतात, म्हणून मी औषधाच्या दुकानातील धुतलेला कापूस पसंत करीन. तो मलमलीच्या पातळ पिशवीत घालावा, म्हणजे तंतू ड्रायव्हरपर्यंत जाणार नाहीत.

त्यानंतरही चकत्या टोचत असतील तर शस्त्रक्रियेनंतर जखमेवर लावतात ती सच्छिद्र कागदी पट्टी ड्रायव्हरच्या पुढच्या जाळीवर एका थरात लावून पाहावी. ड्रायव्हरच्या पाठीवर कंपनीनेच चिकटवलेला पांढरा कागदी थर मात्र उचकटू नये. प्लेनरच्या पडद्याला आवरण्याचे काम अॅम्प्लिफायर फारसे करत नाही, ते याच थराचे आहे.

प्रत्येक बदल आधी एकाच कपात करावा, दुसरा जसा आहे तसा ठेवावा आणि मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच, ध्वनी लावून डावा-उजवा ताडून पाहावा. दोन्ही बाजूंना एकदम चार बदल केले, तर कशाने काय झाले ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

प्रश्न (दर्यापूर, जि. अमरावती) : माझाही हेडफोन टी५०आरपी एमके३ च आहे आणि त्यात पॅड व भरण यांचे काम झालेले आहे. प्लेनरला किमान दोन वॅटचा अॅम्प्लिफायर लागतो, असे दुकानदार म्हणतात. सध्या मी रात्री वावरात जागलीला जाताना फोनला डाँगल (हेडफोनची पिन घालायचा छोटा जोड) जोडून ऐकतो. घरी भजनी मंडळाचा ५० वॅटचा जुना स्टिरिओ अॅम्प्लिफायर आहे. तो चालेल काय?

उत्तर : दोन वॅटचे म्हणणे विकणाऱ्याच्या सोयीचे आहे, हिशेबाचे नाही. या हेडफोनचा रोध ५० ओहम आहे आणि १ मिलिवॅटला तो ९२ डेसिबल आवाज देतो, असे कंपनीच सांगते. आतील भरणामुळे त्यातले ३ डेसिबल गेले असे धरू, म्हणजे उरले ८९. चांगल्या ध्वनिमुद्रणात क्षणिक शिखरे सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर जातात, म्हणून शिखरांसाठी ११० डेसिबलची तरतूद केली तरी ती सढळच म्हणावी लागेल. ८९ वरून ११० म्हणजे २१ डेसिबल, म्हणजे १ मिलिवॅटच्या सुमारे १२६ पट. ५० ओहममध्ये १२६ मिलिवॅट ढकलायला अडीच व्होल्ट आणि ५० मिलिअॅम्पिअर लागतात. आपली एकूण मागणी ही एवढी आहे.

आता डाँगल पाहू. १ व्होल्ट देणारा साधा डाँगल या रोधात २० मिलिवॅट देतो आणि शिखर १०२ डेसिबलवर थांबते. २ व्होल्टवाला ८० मिलिवॅट देतो आणि शिखर १०८ वर जाते. रात्रीच्या वावरात रातकिड्यांखेरीज दुसरा गोंगाट नसतो, त्यामुळे तेथे पहिलाही पुरेल. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल सरासरीने आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगितली आहे, हेही रात्रभर ऐकणाऱ्याने लक्षात ठेवावे. जागलीवर असताना एक कान मोकळा असलेला बरा, हे मी सांगायला नको.

मग वेगळा अॅम्प्लिफायर केव्हा लागतो? इक्वलायझरने, म्हणजे वेगवेगळ्या स्वरपट्ट्या कमीजास्त करण्याच्या सोयीने, खर्ज वाढवायचा असेल तेव्हा. खर्जाला ६ डेसिबलची उचल दिली की त्या पट्टीत चौपट शक्ती लागते, म्हणजे वरचे १२६ मिलिवॅट ५०० च्या घरात जातात आणि व्होल्टेज अडीचवरून पाचवर. प्लेनरला इक्वलायझर चांगला मानवतो, कारण त्याचा पडदा खर्जातही फारसा विकृत होत नाही. तेव्हा ५० ओहममध्ये अर्धा वॅट स्वच्छ देणारा कोणताही अॅम्प्लिफायर आपल्याला आयुष्यभर पुरेल. २०११ साली एका टोपणनावाच्या अभियंत्याने आराखडा खुला करून दिलेला ऑब्जेक्टिव्ह २ हा अॅम्प्लिफायर याच पंक्तीतला आहे, आणि त्यानंतर आलेले अनेक लहान डबे त्याहून जास्त शक्ती देतात. खरेदी करताना जाहिरातीतला ‘३२ ओहमला इतके’ हा आकडा न पाहता जास्तीत जास्त व्होल्टेज आणि करंट हे दोन आकडे विचारावेत.

अॅम्प्लिफायरचा स्वतःचा रोध हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, असा एक नियम सर्वत्र सांगितला जातो. नेहमीच्या हेडफोनला तो लागू आहे, कारण त्यांचा रोध स्वराबरोबर वरखाली होतो. प्लेनरचा रोध सर्व स्वरांना जवळपास सारखाच राहतो. त्यामुळे अॅम्प्लिफायरचा रोध जास्त असला तरी आवाज फक्त कमी होतो, त्याचा पोत बदलत नाही.

याच कारणाने मंडळाचा जुना अॅम्प्लिफायर निरुपयोगी ठरत नाही. त्याला हेडफोनचे सॉकेट असेल तर आत बहुधा स्पीकरच्याच वाटेवर मालिकेत रेझिस्टर बसवलेला असतो. तो २२० ओहमचा आहे असे धरले, तर ५० वॅटच्या अॅम्प्लिफायरच्या २० व्होल्टपैकी हेडफोनला ३.७ व्होल्ट मिळतात, म्हणजे सुमारे २७० मिलिवॅट. आपली मूळ गरज त्यात दुपटीने भागते. मात्र स्पीकरच्या टर्मिनलला हेडफोन थेट जोडू नये. तेथे पूर्ण २० व्होल्ट मिळाले तर ८ वॅट होतात आणि कंपनीची मर्यादा ३ वॅटची आहे. शिवाय काही अॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरची उणे टोके एकमेकांना जोडलेली चालत नाहीत. आपल्या हेडफोनच्या पिनेत ती जोडलेलीच असतात, आणि मग जळतो तो अॅम्प्लिफायर. सॉकेटमध्ये पिन घालण्यापूर्वी आवाजाची खुंटी शून्यावर आणावी.

प्रश्न (वडसा, जि. गडचिरोली) : मी झाडीपट्टीच्या नाटकांचे ध्वनिमुद्रण करतो. मंचाजवळ बसावे लागते, त्यामुळे बाहेरचा आवाज कानात शिरतो. टी५०आरपीच्या कपावरील झडपा (हवा जाण्यायेण्याच्या फटी) बंद केल्या तर चालेल काय?

उत्तर : बंद करता येतात, पण आपल्या कामासाठी करू नयेत. त्या पूर्ण बुजवल्या की लहानशा कपातली हवा पडद्याला ताठ करते, त्याचे नैसर्गिक कंपन वरच्या पट्टीत सरकते, तेथे आवाज फुगतो आणि त्याखालचा खर्ज बसतो. ऑर्गन आणि तबला यांचा तोल अशा हेडफोनवर ठरवला तर घरी आल्यावर ध्वनिमुद्रण पातळ वाटेल. झडपेवर फेल्टचा एखादा जास्तीचा थर दिल्यास फुगवटा कमी होतो, परंतु बाहेरचा आवाज फारसा अडत नाही. मंचाजवळ साधा बंद हेडफोन वापरावा, केवळ आवाज फाटत नाही ना एवढेच त्यावर तपासावे, आणि मिक्सिंगला घरी टी५०आरपी घ्यावा.

प्रश्न (मेहकर, जि. बुलढाणा) : नवीन हेडफोन अॅम्प्लिफायर लॅपटॉपला जोडला आहे. वीज गेल्यावर घर इन्व्हर्टरवर जाते तेव्हा हेडफोनमध्ये गुणगुण ऐकू येते. वीज असतानाही ती थोडी असते. अॅम्प्लिफायर बदलावा का?

उत्तर : अॅम्प्लिफायरला दोष देण्यापूर्वी लॅपटॉपचा चार्जर काढून केवळ त्याच्या बॅटरीवर ऐकावे. गुणगुण तत्काळ थांबली तर तिचा उगम चार्जर आणि अर्थिंग यांत आहे. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईपासून सुटते, त्यामुळे जोडणी असूनही नसल्यासारखी होते. खड्ड्यात पाणी घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकून पाहावे. पाण्याने फरक पडला तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्यावे, कारण तेव्हा प्रश्न हेडफोनपुरता उरत नाही.

इन्व्हर्टरवर गुणगुण वाढते ती बहुधा त्याच्या चौकोनी लहरीमुळे. स्वस्त इन्व्हर्टर शुद्ध साइन लहर देत नाहीत आणि ट्रान्सफॉर्मर असलेले अॅडॅप्टर त्या लहरीवर तापतात व घूं घूं करतात. इन्व्हर्टर बदलणे खर्चाचे आहे. त्यापेक्षा बॅटरीवर चालणारा लहान अॅम्प्लिफायर घ्यावा, दिवसा चार्ज करावा आणि ऐकताना तारेपासून सोडवून ठेवावा. आपल्या पत्रात हेडफोनचे नाव नाही. ते आणि त्याचा रोध कळवल्यास किती व्होल्टचा अॅम्प्लिफायर पुरेल, तो हिशेब पुढील अंकात देता येईल.