दिसते, पण ओळखू येत नाही

प्रश्न : आमच्या गावातील बारा वर्षांच्या मुलीच्या दोन्ही डोळ्यांतील जन्मजात मोतीबिंदू गेल्या महिन्यात काढला. तिला आता दिसते, असे डॉक्टर सांगतात. पण समोरचा पेला हाती घेतल्याखेरीज ती ओळखत नाही. शस्त्रक्रिया फसली असे समजावे काय?

उत्तर : तसे मुळीच समजू नये. दिसणे आणि पाहणे ही दोन क्रियापदे मराठीत वेगळी आहेत, आणि या मुलीच्या बाबतीत तो भेद अगदी खरा ठरतो. उजेड डोळ्याच्या पडद्यावर पोहोचला की दिसू लागते. पण त्या उजेडातून वस्तू वेगळी काढण्याचे काम मेंदूचे, आणि ते आपण तान्हेपणीच शिकलेलो असल्यामुळे शिकल्याचे आपल्याला आठवतही नाही.

हाताने घन आणि गोल ओळखणाऱ्या जन्मांधाला दृष्टी आली, तर तो ते नुसते पाहून ओळखेल का, असा प्रश्न डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूने 1688 मध्ये जॉन लॉक या तत्त्वज्ञाला लिहून विचारला होता. मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या ‘प्रकल्प प्रकाश’ या, अंध मुलांवर उपचार करून त्यांची नजर कशी घडते हे अभ्यासणाऱ्या उपक्रमात आपल्याच देशातील 8 ते 17 वर्षांच्या पाच मुलांवर शस्त्रक्रियेनंतर लगेच ही चाचणी घेतली गेली आणि तिचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. चाचपलेली वस्तू केवळ डोळ्यांनी निवडताना मुलांची उत्तरे जवळजवळ अंदाजपंचे ठरली. मात्र ज्यांची पुन्हा चाचणी घेता आली, ती आठवड्याभरातच बरीच सुधारली होती.

आता तो पेला तिच्या नजरेने पाहा. स्टीलवर खिडकीच्या उजेडाची उभी रेघ, खाली फरशीवर काळसर सावली, मागे ताटाची कड. यांतले पेल्याचे काय आणि कशाचे काय नाही, हे तिला कोणी सांगितलेले नाही. तोच पेला हलवला, तर जे तुकडे एकत्र सरकतात ते एकाच वस्तूचे, हे तिला उमगू लागेल. म्हणून वस्तू तिच्यासमोर हळूहळू हलवावी, आधी पाहू द्यावी, मग हातात द्यावी आणि चुकल्यास रागावू नये. इतक्या उशिरा आलेली नजर पूर्ण तीक्ष्ण होणे कठीण असते, तरीही ओळखणे पुढे बराच काळ सुधारत राहते.

तिला धाकटे भावंड असल्यास त्याचे डोळे आताच तपासून घ्यावेत, कारण हा दोष पुष्कळदा आनुवंशिक असतो आणि तान्ह्या बाळाचा दाट मोतीबिंदू पहिल्या दोन-अडीच महिन्यांत काढणे सर्वांत हिताचे असते.