आयसीयूतून घरी आलेले वडील पूर्वीसारखे होतील का?

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी. सप्टेंबरात निंदणाच्या दिवसांत वडिलांना (वय ६१) ताप भरला आणि तपासणीत स्क्रब टायफस (बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा ताप) निघाला. नागपूरच्या एका रुग्णालयात ते १९ दिवस आयसीयूत, त्यांपैकी १३ दिवस व्हेंटिलेटरवर होते. दाखल करतानाच डॉक्टरांनी ‘स्कोअर’ काढून, वाचण्याची शक्यता निम्मीच असल्याचे सांगितले होते. त्याआधी त्यांना कोणताही आजार नव्हता. डवरणी ते स्वतः करीत. घरी येऊन दोन महिने झाले, तरी खाटेवरून उठताना आधार लागतो आणि मजुरांचा हिशेब चुकतो. ते पूर्वीसारखे होतील का, किती वर्षे जगतील, आणि गुढीपाडव्याला वावर मक्त्याने द्यावे की विकूनच टाकावे?

उत्तर : तो ‘स्कोअर’ आता मनातून काढून टाका. असे गुणांक, उदाहरणार्थ १९८५ पासून वापरात असलेला अपॅची-२, पहिल्या २४ तासांतील रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन, शुद्धीची पातळी अशा १२ मोजमापांतील सर्वांत वाईट आकडे, वय आणि जुने आजार यांवरून काढतात, आणि तेवढ्याच आजारी असलेल्या शंभर जणांपैकी रुग्णालयात किती दगावतील याचा अंदाज देतात. आपल्या वडिलांचे नाव त्या शंभरांत कोणत्या बाजूला असेल हे त्यातून कधीच कळत नव्हते. आणि घरी परतल्यानंतरच्या आयुष्यासाठी तर तो आकडा बनवलेलाच नाही.

पुढच्या आयुष्याचा अंदाज घ्यायचा असेल, तर मी आजारापूर्वीचा माणूस आधी पाहतो. दाखल होण्याच्या महिनाभर आधी जो डवरा धरीत होता आणि ज्याला मधुमेह, मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार नव्हता, त्याची उभारी, आधीच घरात बसून असलेल्या समवयस्कापेक्षा पुष्कळ चांगली असते. शिवाय स्क्रब टायफस हा योग्य औषधाने पूर्ण बरा होणारा संसर्ग आहे. तो कर्करोगासारखा आत दबा धरून राहत नाही. मृत्यूचा आणि पुन्हा भरती होण्याचा धोका घरी आल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो, म्हणून ताप, धाप, गिळताना ठसका किंवा अचानक गोंधळलेपण दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. वर्षांचा आकडा मात्र कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही.

‘पूर्वीसारखे’ याचे उत्तर अधिक सावध आहे. गंभीर आजारात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या मांडीचा स्नायू पहिल्या दहा दिवसांतच जवळजवळ पाचव्या हिश्शाने झिजू शकतो. खाटेवरून उठताना लागणारा आधार त्याचाच आहे, आळसाचा नव्हे. फुप्फुसे निकामी होऊन वाचलेल्या रुग्णांचा कॅनडात झालेला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की वर्षभरानंतर साधारण रुग्ण सहा मिनिटांत अपेक्षित अंतराच्या ६६ टक्केच चालू शकत होता आणि जेमतेम निम्मे कामावर परतले होते. तेही वयाने बहुधा आपल्या वडिलांपेक्षा तरुण. हिशेब चुकणे हेही आयसीयूनंतर वारंवार दिसते, विशेषतः तेथे काही दिवस भ्रम झाला असेल तर. ते पुष्कळदा महिनोन्‌महिने सुधारत जाते, सर्वांचे मात्र पूर्ण जात नाही. तेथे सुरू केलेली झोपेची गोळी अजून चालू असल्यास ती डॉक्टरांना अवश्य दाखवा; डिस्चार्ज कार्डावरून ती वर्षानुवर्षे चालू राहिलेली मी पाहिली आहे.

आता तुमच्या हाती असलेले मोजमाप. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, अर्ध्या मिनिटात ते किती वेळा खाटेवरून उठून उभे राहतात आणि सहा मिनिटांत अंगणापासून कुठवर जातात, हे भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहा. पडू नयेत म्हणून कोणीतरी शेजारी असावे. आकडा वाढत असेल, तर जिल्हा रुग्णालयातील फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम आणि रोजच्या जेवणातील डाळ, अंडी, दूध लागू पडत आहेत. महिनाभर तो थांबला किंवा घसरला, तर फिजिशियनकडे न्या.

वावर विकू नका. पाडव्यापर्यंत त्यांना आजारातून उठून जेमतेम सहा महिने होतील, आणि त्यानंतरही सुधारणा चालू राहते. एका सालापुरते मक्त्याने द्या, आणि मक्तेदाराचा हिशेब वडिलांनाच लिहू द्या. तपासून मात्र तुम्ही पाहा.